ताटातला भात आणि एकट्याचं पथ्य

गडचिरोलीचं नाव निघालं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कुपोषित मूल उभं राहतं. ते चित्र खोटं नाही. अंगणवाडीच्या काट्यावर कमी भरणारी लेकरं एटापल्लीत आहेत, भामरागडात आहेत. पण त्याच अंगणवाडीपासून हाकेच्या अंतरावर एखाद्या शिक्षकाच्या, दुकानदाराच्या घरी फ्रिजच्या दारावर आहाराचा तक्ता चिकटवलेला दिसतो. सकाळी ओट्स, अकराला सहा बदाम, दुपारी एक पोळी, रात्री सूप. भात बंद, साखर बंद, तळलेलं बंद. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा या कोळशाच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यात तर हे तक्ते आता नवलाचे राहिलेले नाहीत. महिना-दोन महिने ते पाळले जातात, चार-पाच किलो उतरतात. मग लग्नसराई येते, दिवाळीनंतर गावोगावची मंडई येते, पाहुणे येतात, आणि उतरलेलं वजन चढतं. पुढच्या खेपेला तो माणूस डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसतो. ‘मनावर ताबाच नाही जी माझा,’ म्हणतो.

या खाली गेलेल्या मानेबद्दल मला लिहायचं आहे. ती खाली जायचं काही कारण नाही, असं माझं ठाम मत आहे. पथ्य ही घरानं आणि गावानं मिळून पेलायची गोष्ट. ती आपण एकेका माणसाच्या गळ्यात बांधली, आणि ती पेलवली नाही की त्याच्या स्वभावाला नावं ठेवली. निदान गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांनी तरी ही चूक करू नये. गावानं मिळून एखादा निर्बंध पाळणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात इथल्याइतकं फार थोड्यांनी पाहिलं आहे.

आधी शरीराचं म्हणणं ऐकू. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, तत्त्वासाठी हाल सोसायला तयार असलेले हे तरुण आपणहून प्रयोगात आले होते. म्हणजे मनोनिग्रहाची त्यांच्यात कमतरता नव्हती. त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी मिळत. आज वजन उतरवण्याच्या कितीतरी तक्त्यांत बायकांना १,२०० लिहून दिलेल्या असतात. त्या तरुणांचं काय झालं? ते चिडचिडे झाले, उदास झाले, त्यांना सारखी थंडी वाजू लागली. दिवसभर अन्नाशिवाय दुसरा विषय सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. पुढे पुरेसं अन्न मिळू लागल्यावरही कित्येक आठवडे त्यांची भूक भागली नाही. कमी अन्न मिळू लागलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं, खर्च आखडतं आणि भूक वाढवतं. या जुन्या, उपयोगी सवयीशी रोज चोवीस तास एकट्यानं झुंजायचं आणि हरलो की स्वतःला दोष द्यायचा, हा न्याय कुठला?

आणि आपली शरीरं दुष्काळ जरा जास्तच ओळखतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन तंतोतंत सारखं होतं, दोघांचाही निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातून दिसलं ते असं, की आपल्याकडची बाळं जन्मतःच हलकी असतात, पण त्या हलकेपणात मांस कमी असतं. चरबी मात्र राखलेली असते. आईच्या पोटात उपास घडलेलं बाळ पुढे थोडंसं जास्त मिळालं तरी साखरेच्या आजाराकडे लवकर झुकतं. म्हणून आपल्या लोकांसाठी कमरेचं मापही वेगळं धरतात, पुरुषाला ९० सेंटीमीटर आणि बाईला ८०.

हे समजून घेतलं की अंगणवाडीचा काटा आणि फ्रिजवरचा तक्ता या दोन टोकांच्या गोष्टी राहत नाहीत. कालचं कमी वजनाचं बाळ आणि आजचा काटकुळ्या हातापायांचा, सुटल्या पोटाचा बाबू ही एकच गोष्ट आहे, चाळीस वर्षांच्या अंतरानं सांगितलेली. भूक सोसलेल्या घरातल्या माणसाला परत उपाशी राहायला सांगताना हात थोडा थांबला पाहिजे.

वजनाचा काटा इथे आणखी एका बाबतीत फसवतो. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतले डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात. साधारण सातांतला एक मृत्यू त्यानं झालेला. मलेरिया आणि साप यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात लकव्यानं माणसं सर्वाधिक मरत होती. लकव्यामागे मुख्य हात असतो रक्तदाबाचा, आणि रक्तदाबाला खतपाणी घालतात मीठ, तंबाखू आणि दारू. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. सुकी मासोळी, लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ आणि दुकानातली कुरकुरीत पाकिटं धरली तर ती मर्यादा दुपारपर्यंतच संपते. शिवाय खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधलेला खर्रा भूक मारतो. जेवण टाळणाऱ्या माणसाला तो सोबती वाटतो. तीन किलो उतरले म्हणून खूश असलेला माणूस दिवसाला चार पन्न्या खात असेल, तर त्यानं काय कमावलं? तक्त्यात भाताचे ग्रॅम मोजलेले असतात. खर्ऱ्याचा रकाना मी कुठल्याच तक्त्यात पाहिलेला नाही.

आता भात. या भागात ‘भात सोडा’ हे वाक्य किती सहज बोललं जातं! पूर्व विदर्भ हा धानाचा, तळ्यांचा मुलूख. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तुटपुंज्या शेतीचे धनी होते. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निवडल्या, वर्षानुवर्षं जपून वाढवल्या, आणि त्यातून ‘एचएमटी’ हा बारीक, चवदार तांदूळ उभा राहिला. घड्याळाच्या नावाचा हा तांदूळ देशभर पसरला. दादाजी २०१८ मध्ये गेले ते मात्र पैशाच्या ओढगस्तीतच. अशा मुलखात भात म्हणजे पिष्टमय पदार्थाचा एक आकडा नाही. शेतातलं वर्षभराचं काम तो आहे, पाहुण्याचा मान तो आहे, आणि गरिबाच्या घरी तर राशनवर फुकट मिळणारी मुख्य गोष्ट तो आहे. अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. इथे त्यातला मोठा वाटा तांदळाचा. पाच किलोंचे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम पडतात. त्यावर वरण किती, भाजी किती, अंडं कधी, हे ज्याच्या त्याच्या खिशावर. अशा घरातल्या बाईला ‘भात अर्धा करा आणि डाळ दुप्पट करा’ असं सांगणं म्हणजे फुकटचं टाका आणि विकतचं आणा असं सांगणं. सल्ला शास्त्राला धरून आहे. आपल्या ताटात पिष्ट जास्त आणि प्रथिनं कमी, हे खरंच आहे. पण तो पाळता येत नाही याचा दोष तिच्या मनावर कसा टाकता येईल?

एखाद्या अन्नाला आरोपी करण्याचा अनुभव या पट्ट्याला आधीही आला आहे. धान कापणीला यायच्या सुमारास बांधीत ओल असतानाच लाखोळी या डाळीचं बी फेकायचं आणि धान निघालं की तिचं पीक घ्यायचं, ही इथली जुनी रीत. दुष्काळात दुसरं काही नसलं की लोक महिनोन् महिने लाखोळीवरच जगत, आणि काहींचे पाय लुळे पडत. त्यावरून महाराष्ट्रात १९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. ती उठायला जवळपास अर्धं शतक गेलं. एवढा काळ आळ डाळीवर राहिला; पायांचं खरं दुखणं हे होतं की त्या माणसांच्या ताटात दुसरं काहीच उरलं नव्हतं. भाताचंही तेच व्हायला नको. वाटीभर भातासोबत लाखोळीचं वरण असेल, पावसाळ्यात तरोटा, कुड्याची फुलं, काटवलं, वास्ते, टेकोडे असतील, तळ्यातली मासोळी असेल, तर त्या भातानं कुणाचं फार बिघडत नाही. भाताचा ढीग, त्यावर पातळ वरण आणि बाजूला तळलेली पापडी, एवढ्यानं मात्र बिघडतं. यातली जंगलातली निम्मी यादी आजही मोल न देता मिळते. ती ताटातून का उतरली, याचं एक कारण मला लाजेचं वाटतं. तरोट्याची भाजी गरिबीची खूण ठरली आणि शहरातून आलेलं ओट्सचं पाकीट सुधारलेपणाची.

मग कठोर पथ्य काम करतच नाही का? करतं. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत मधुमेहींना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर ठेवलं. वर्षानंतर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना माघारी गेला होता. दोन वर्षांनी तो आकडा ३६ टक्के राहिला. पण त्या प्रत्येकामागे त्याच्याच दवाखान्यातली परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ उभी होती. नेहमीचं जेवण हळूहळू परत कसं सुरू करायचं, वजन पुन्हा चढू लागलं तर काय करायचं, हे सगळं ठरलेलं होतं.

आपल्याकडचा मोठा प्रयोग विदर्भातूनच सुरू झाला. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला. २००४ मध्ये अपघातात ते गेले, आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार महाराष्ट्रभर नेला. भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज पाऊण तास चालणं. या पद्धतीवर तज्ज्ञांनी बरीच टीका केली. त्यातली काही मला पटते. अन्नाच्या वेळा आवळल्यानं मिळणारा फायदा मुख्यतः कमी खाल्ल्यामुळेच मिळतो, असं २०२२ मध्ये चीनमध्ये १३९ लोकांवर झालेल्या वर्षभराच्या चाचणीतही दिसलं. तरीही लाखो साध्या माणसांनी ही पद्धत उचलली, यामागचं शहाणपण नाकारू नये. तिला पैसा लागत नाही. पाकीट विकत आणावं लागत नाही. घरचा भात, घरचं वरण चालतं. आणि ती एकट्यानं करायची नसते. लोक गट करतात, एकमेकांना कळवतात, सोबत फिरायला जातात. तिच्या यशाचं निम्मं श्रेय मी या सोबतीला देईन.

इथल्या माणसानं ती जशीच्या तशी उचलू नये, एवढं मात्र कळकळीनं सांगावंसं वाटतं. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो. या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांच्या वेदना उसळतात, आणि त्यांच्या बाबतीत तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी ही तपासणीही फसवी निघू शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण गाळलं तर माणूस चक्कर येऊन पडतो. खाणीत रात्रपाळी करणाऱ्याची ‘दोन जेवणं’ घड्याळात कुठे बसवायची? आषाढात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला, मे महिन्यात झुंजूमुंजू होताच तेंदूपत्त्याला जाणाऱ्या माणसाला दोन जेवणांत दिवस काढ म्हणणं मला क्रूर वाटतं. त्यांच्या हातची आंबील काढून घेऊ नका.

खुद्द गडचिरोलीत घडलेली एक गोष्ट या विषयावरच्या कुठल्याही पुस्तकाइतकी मोलाची आहे. १९९५ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेला, साधा राहणारा, इतरांच्या आरोग्यासाठी आयुष्य दिलेला हा माणूस. बरं होताना त्यांनी आहार बदलला, तेलतूप कमी केलं, चालणं, योग, ध्यान धरलं, आणि तो सगळा प्रवास ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात मांडला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ते पुस्तक रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाच्या उशाशी असतं. वाचकांनी त्यातून मुख्यतः तेल कमी करणं उचललं. मला मात्र त्यातली बाकीची तीन चतुर्थांश गोष्ट महत्त्वाची वाटते: कामाचा वेग, राग, नाती, एकटेपणा यांच्याकडे बघणं. डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचंही तेच. अत्यंत कमी चरबीच्या शाकाहारानं हृदयाच्या अरुंद झालेल्या वाहिन्या किंचित मोकळ्या झाल्या, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्यातले रुग्ण आठवड्यातून दोनदा चार-चार तास एकत्र जमत, सोबत व्यायाम करत, मन मोकळं करत, हे विसरलं गेलं. इतकं कडक पथ्य वर्षभर टिकलं ते या जमण्यामुळे, असं मानायला मला जागा दिसते.

घरात हे जमणं कसं घडतं, हे बघायला लांब जायला नको. नवऱ्याला साखर निघाली की दुसऱ्या दिवशी अख्खं स्वयंपाकघर बदलतं. चहा बिनसाखरेचा होतो, भाजीतलं तेल उतरतं, सासू त्याच्यासाठी वेगळी भाकर थापते. बायकोला साखर निघाली तर? ती सगळ्यांसाठी आधीसारखाच भात शिजवते, मुलांसाठी भजी तळते, सगळ्यांना वाढते आणि शेवटी उरलेलं खाते. उरतो बहुधा भातच. भाजी संपलेली असते, मासोळीचे तुकडे वाटले गेलेले असतात. शिळं वाया जाऊ नये म्हणून तेही तिच्याच ताटात. वर सोमवार, चतुर्थी आणि एकादशीला साबुदाणा आणि बटाटा. तिच्या पथ्याचा तक्ता तिच्या हातात असतो आणि ताट दुसऱ्यांच्या. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं रक्त आधीच कमी. अशा बाईनं जेवण गाळून वजन उतरवलं तर जातं ते मांस, जाते ती ताकद. तिला प्रथिनं जास्त हवीत, आणि ती मिळण्यासाठी तिनं सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या वेळी जेवायला बसायला हवं. एवढी एक गोष्ट बदलली तर अर्ध्या पथ्याचं काम होईल असं मी मानतो.

गावाच्या पातळीवर काय होऊ शकतं, याचा पुरावा या दोन जिल्ह्यांच्या दारूच्या इतिहासात आहे. गडचिरोलीत गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायांनी, वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. चंद्रपुरातही बायांनीच लढा दिला, चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला. २०१५ मध्ये बंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. गडचिरोलीत चोरटी दारू मिळत नाही असं कुणी म्हणणार नाही, आणि चंद्रपूरच्या बंदीमागची लोकांची इच्छाही कमी खरी नव्हती. पण गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’सारख्या कामानं गावाच्या संघटना बांधत राहण्याचा, बंदीला रोज खांदा देत राहण्याचा प्रयत्न चालू आहे. वरून आलेला नियम आणि गावानं आपला म्हणून धरलेला नियम यांच्या आयुष्यात फरक पडतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा तर सर्वांची सहमती होईपर्यंत निर्णयच घेत नाही. वेळ लागतो, पण झालेला निर्णय मग प्रत्येकाचा असतो.

ग्रामसभेनं कुणाच्या ताटात डोकवावं असं मी म्हणत नाही. पण लग्नाच्या आणि तेरवीच्या पंगतीत मीठ किती, तेल किती, हे ती ठरवू शकते. शाळेच्या वाटेवरच्या ठेल्यावर खर्रा मिळणार नाही, हे ठरवू शकते. बैठकीत न मागता हातात येणारा साखरेचा चहा थांबवू शकते. राशनच्या तांदळासोबत डाळ आणि तेल कायमचं मिळावं, असा ठराव सरकारकडे वारंवार पाठवू शकते. माजी मालगुजारी तळ्यांतली मासोळी आधी गावाला विकली जावी, मग बाजाराला, हेही. यातल्या कशालाही एकट्या माणसाची इच्छाशक्ती पुरणार नाही.

आणि डॉक्टरांकडे एक मागणं आहे. तक्ता लिहून देताना समोर एकच खुर्ची ठेवू नका. जो जेवतो त्याच्यासोबत जी रांधते तिलाही बसवा, आणि शक्य असेल तर जो बाजार करतो त्यालाही. घरी राशन कोणतं येतं, पाळी कोणती, रोवणी कधी, खर्रा किती, हे आधी विचारा, भाताचे ग्रॅम नंतर लिहा. वजन घ्या, पण कंबर मोजा आणि रक्तदाब बघा, आणि तो सोबत आलेल्या बाईचाही बघा. तिचा दाब आजवर कुणी मोजलेला नसण्याचा संभव मोठा आहे.